बेटावरून आणलेलं पाणी

आमच्या घरात सकाळी काकी कुंकू लावायला बसली की सगळे गप्प व्हायचे. दळण उरकून, आंघोळ करून ती मधल्या खणात खांबाला टेकून बसायची, कोनाड्यातला लाकडी करंडा उघडायची, करंगळीनं कपाळावर मेणाचा ठिपका टेकवायची आणि त्यावर कुंकू दाबायची. एवढंच. पण तेवढ्या वेळात दादा, म्हणजे माझे वडील, हातातली चहाची कपबशी तशीच ठेवून गोठ्यात निघून जायचे आणि आई चुलीतलं लाकूड उगाच पुढंमागं करायची. काका दादांचे धाकटे भाऊ. मुंबईच्या गोदीत कामाला होते, तिथून एका मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून लागले. दक्षिणेकडच्या बेटांना धान्य पोचवणारी ती बोट वादळात बुडाली. पत्र आलं, माणूस आला नाही, आणि माणसाचं काही आलंही नाही. तेव्हा त्यांचा मुलगा बापू पाळण्यात होता. मी ज्या दिवसांबद्दल लिहितोय त्या दिवसांत बापू नऊ वर्षांचा झाला होता आणि काकी अजून कुंकू लावत होती.

काकी दादांशी थेट बोलायची नाही. थोरला दीर, म्हणून ती भिंतीआड उभी राहायची आणि मध्ये आई असायची. आईला दोन्हीकडचं ऐकू यायचं, तरी दोघंही बोलायचे ते आईशीच.

"सुंदराला सांग," दादा म्हणायचे, "गवताचा पुतळा करून अग्नी देता येतो, गुरुजी म्हनत्यात. औंदा तरी धाकट्याचं दहावं घालू. माझा भाऊ कुठं अडाकलाय कुनाला ठावं."

"आक्का, त्यांना म्हनावं, मी कुकू काय गवताच्या पुतळ्याच्या नावानं लावलं न्हवतं."

"अगं, पन गेलेल्या मानसाचं..."

"गेले असं कुनी बघितलं? ज्या पान्यात धनी गेले म्हनत्यात, त्ये पानी मला आनून दावा. मंग मी माझ्या हातानं पुसते. तवर न्हाई."

एकदा दादांनी मुंबईच्या पाहुण्याकडून समुद्राच्या पाण्याची बाटली आणवली. काकीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मुंबईच्या पान्यात न्हाई गेले त्ये," एवढंच आईला म्हणाली आणि शेंगोळ्या वळायला बसली.

ही बाई सदा रडकी असेल असं कुणाला वाटेल, तर ते खरं नाही. आमच्या धाब्याच्या घरात हसण्याचा आवाज असेल तर तो काकीचा असायचा. आई अबोल, दादा करडे; काकी आली की घर बोलायला लागायचं. हुलग्याच्या शेंगोळ्या तिच्यासारख्या कुणाला जमल्या नाहीत. पीठ मळताना लसूण, मिरची, जिरं पाट्यावर वाटलेलं, आणि तळहातावर एकेक शेंगोळी फिरवताना तोंडानं गावातल्या कुणाची ना कुणाची नक्कल. शेंगोळ्या रटरटायला लागल्या की त्या वासानं गोठ्यातली वासरंसुद्धा हंबरतात असं ती म्हणायची. दुपारी लांबून कुठल्या तरी विहिरीवरच्या इंजिनाचा ठोका ऐकू यायचा आणि त्या ठोक्यावर तिची वाकळ शिवायची सुई चालायची. अजूनही कुठं शेतात जुनं डिझेल इंजिन चालू असलं की मी थांबतो. नातवंडं म्हणतात, आजोबा, धूर आहे, चला. मला धूर नाही दिसत, वाकळ दिसते.

मला पोहायला काकीनं शिकवलं. तिचं माहेर नदीकाठचं, लहानपणी ती भावांबरोबर डोहात पोहलेली. आमच्या मळ्यातल्या विहिरीत तिनं माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधला आणि पायरीवर उभी राहून मला सरळ ढकललं. मी हातपाय झाडत बोंबलत होतो आणि ती वरून हसत होती. "आरं भित्र्या, पानी काय तुला चावतंय व्हय? पान्याशी भांडू नगं. अंग सोड, अंग!" विहिरीचं पाणी हिरवं आणि काळं. हातभर खाली गेलं की स्वतःचे पाय दिसायचे नाहीत. पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तो अंधारच होता.

पुढं मी नगरला कॉलेजात गेलो, प्राणिशास्त्र घेतलं. आमचे सर मोठे हौशी. समुद्री प्राण्यांचे नमुने गोळा करायला ते पोरांना रत्नागिरीकडं न्यायचे. त्या वर्षी त्यांनी कुठून कुठून परवाने मिळवले आणि आमची बारा जणांची सहल लक्षद्वीपच्या एका बेटावर जायची ठरली. मी सुट्टीत घरी येऊन सांगितलं. दादांनी नकाशा मागितला. माझ्या शाळेच्या जुन्या नकाशात ती बेटं म्हणजे निळ्यावर पडलेले चार काळे ठिपके. दादांनी त्या ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. काका गेले ते ह्याच बाजूला.

निघायच्या दिवशी काकीनं धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि भाजक्या हरभऱ्याचं पीठ बांधून दिलं. मग जाड काचेची, रुंद तोंडाची, पत्र्याच्या झाकणाची बाटली माझ्या हातात दिली. चुलीच्या राखेनं घासून ती लखलखीत केली होती.

"दत्तू, तूच आन बाबा. दुसऱ्या कुनाचं मला पटायचं न्हाई."

मी मान हलवली. वीस वर्षांच्या पोराला ते किती मोठं काम आहे ते कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं.

तीन दिवस रेल्वे, मग कोचीनहून बोट. बोटीवर पहिला दिवस सगळे ओकत होते. सर एका हातानं बादली धरून दुसऱ्या हातानं उडते मासे दाखवत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बेट दिसलं. खरं तर बेट दिसलंच नाही. समुद्रातून नुसती नारळाची झाडं उगवल्यासारखी वाटली. जवळ गेलो तसा पाण्याचा रंग बदलला. गडद निळ्यात एक पांढरी फेसाची रेघ, आणि त्या रेघेच्या आत पाणी फिकट हिरवं, पावसाळ्यात नुकती उगवलेली बाजरी असते तसं. वाळू पांढरी, आमच्या चुन्याच्या भट्टीतून काढल्यासारखी. त्या वाळूवर अनवाणी चालायला मी चपला काढल्या त्या चार दिवस घातल्याच नाहीत. बेट एवढं लहान, की एका किनाऱ्यावरून आरोळी मारली तर दुसऱ्या किनाऱ्यावरचं कुत्रं भुंकेल. तिथले लोक कमी बोलायचे, पण नारळ फोडून हातात दिल्याशिवाय पुढं जाऊ द्यायचे नाहीत.

सरांकडं डोळ्यांवर लावायचे दोन काचेचे मुखवटे होते आणि तोंडात धरायच्या वाकड्या नळ्या. मुखवटा लावून पालथं तरंगायचं, नळीचं टोक पाण्यावर ठेवायचं आणि तोंडानं श्वास घ्यायचा. माझी पाळी आली. मी तोंड पाण्यात घातलं, आणि मला अजून आठवतं, मी नळी तोंडात असतानाच ओरडलो. खालचं सगळं दिसत होतं. तीन पुरुष खोल तळ, आणि तळावरचा वाळूचा कण न् कण. माझी सावली त्या वाळूवर पडली होती, मी ढग असल्यासारखी. प्रवाळाचे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे गोळे, कुठं बाभळीच्या फांद्यांसारखी झाडं, कुठं मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे दगड. आणि हुरड्यात आलेल्या ज्वारीवर पोपटांचा थवा उतरावा तसे मासे. पिवळे, पट्ट्यांचे, आणि एका फांदीभोवती बोटभर लांबीचे निळे, शंभर तरी. हात पुढं केला की सगळे एकदम फांदीत, हात मागं घेतला की सगळे एकदम बाहेर. मी अंग सोडून दिलं. कानात फक्त माझ्या श्वासाचा आवाज आणि कसली तरी बारीक कुरकुर. मासे प्रवाळ कुरतडतात त्याचा तो आवाज, सरांनी नंतर सांगितलं. किती वेळ गेला मला कळलं नाही. मित्रानं पाय धरून ओढलं तेव्हा मी बाहेर आलो. तेवढ्या वेळात मला काकांची एकदाही आठवण झाली नव्हती.

आम्हाला होडीतून फिरवणारा कोया नावाचा एक माणूस होता, दादांच्या वयाचा. त्याला मोडकं हिंदी यायचं. तिसऱ्या दिवशी मी किनाऱ्याजवळ बाटली भरायला वाकलो तर त्यानं विचारलं, "पानी क्यों?" मी सांगितलं. त्यानं फेसाच्या रेघेकडं बघितलं. मग म्हणाला, "इधर नहीं. इधर बच्चा लोग का पानी. चाचा बाहर होगा." आणि त्यानं होडी लोटली. आम्ही दोघंच. फेसाच्या रेघेतून वाट काढत तो मला बाहेर, गडद निळ्या पाण्यावर घेऊन गेला. तिथं होडी वरखाली व्हायला लागली आणि खाली काहीच दिसेना. कोयानं वल्ही आत घेतली, दोन्ही तळहात वर केले, डोळे मिटून काही पुटपुटला. मी बाटली पाण्यात बुडवली. ती बुडबुड आवाज करत भरली. झाकण लावलं, त्यावर कापड बांधलं. "अब चाची को बोलो," कोया म्हणाला, "अच्छा जगह है."

इथपर्यंतचं मी घरी अनेकदा सांगितलं आहे. पुढचं एकाच माणसाला सांगितलंय.

शेवटच्या दिवशी सकाळी मी पुन्हा मुखवटा लावून उतरलो. त्या निळ्या माशांनी मला वेड लावलं होतं. सरांच्या बाटल्यांत ते फॉर्मॅलिनमध्ये गेले की निळे राहायचे नाहीत, राखाडी व्हायचे. मला वाटलं, एक जिवंत नेला तर? नगरच्या हॉस्टेलात असा मासा कुणी पाहिलाय? आणि काकीनं पाहिला तर? असंही मी स्वतःला म्हणालो. रिकामी बाटली एकही उरली नव्हती. मी जाळीनं एक मासा धरला, बाटलीचं कापड सोडलं आणि कोयाच्या पाण्यात तो सोडला. पाणी तेच आहे की, मासा असला म्हणून काय बिघडलं? बोटीवर सगळे मुलगे माझ्याभोवती जमले. रेल्वेत दुसऱ्या दिवशी मासा एका कुशीवर तरंगायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी डब्यात घाण सुटली, आणि कुणी तरी ओरडलं, "ए दत्त्या, तुझं मढं बाहेर टाक!" सगळे हसले. मीही हसलो. गाडी एका लहान स्टेशनात उभी होती. मी खिडकीतून बाटली उपडी केली. माशासकट सगळं पाणी रुळांतल्या खडीवर गेलं आणि क्षणात जिरलं.

नगरला हॉस्टेलात आल्यावर मी बाटली नळाखाली धुतली, नळाचंच पाणी भरलं आणि मेसमधून मूठभर मीठ आणून त्यात टाकलं. चव बघितली. आणखी चिमूटभर टाकलं. मीठ विरघळेपर्यंत हलवत राहिलो. पाणी ते पाणी, असं मला वाटत होतं. काकीला बरं वाटेल, दादा सुटतील, काकांचं दहावं होईल. ह्यात वाईट कुणाचं आहे?

एस.टी.तून उतरलो तर दादा फाट्यावर उभे. गुरुजींना सांगून झालं होतं, दुसऱ्याच दिवशी दहावं ठरलं होतं. तरीही मी बोलू शकलो असतो. रात्रभर वेळ होता.

सकाळी काकी रोजच्यासारखी खांबाला टेकून बसली. कपाळावर कालचं कुंकू. मी बाटली दिली. तिनं ती उजेडात धरली.

"हितं गेले व्हय?"

"व्हय काकी. मी सोता होडीतून बाहेर जाऊन भरलंय." आणि मी कोयाची सगळी हकिगत सांगितली. खरी हकिगत, खोट्या बाटलीसाठी. काकी डोळे न हलवता ऐकत होती. मग तिनं झाकण काढलं, एक बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट हाय," ती म्हणाली.

तिनं तळहातावर पाणी घेतलं आणि स्वतःच्या हातानं कपाळ पुसलं. आई पुढं झाली तर तिला हातानंच थांबवलं. उंबऱ्यावर बांगड्या फोडल्या त्याही स्वतः. उरलेलं पाणी दादा ओढ्यावर घेऊन गेले. बापूनं गवताच्या पुतळ्यावर ते शिंपडलं आणि अग्नी दिला. दादांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर काकी हसायची, पण नकला करायची थांबली. संक्रांतीला बायका वाण लुटायला यायच्या तेव्हा ती मळ्यात निघून जायची. माझ्या लग्नात आईनं हळद लावायला तिला हाक मारली, तर ती बायकांच्या मागून म्हणाली, "नगं आक्का, पोराचं चांगलं हुं द्या." बापूच्या लग्नात, पोटच्या पोराच्या, ती मांडवाच्या कडेला बसून अक्षता टाकत होती. मी तेव्हा शाळेत शास्त्र शिकवत होतो. दरवर्षी प्रवाळाचा धडा आला की मुलांना त्या निळ्या माशांचं सांगायचो. मुलं खूश व्हायची.

दोन वर्षांपूर्वी मुलानं, सुनेनं हट्ट करून मला पुन्हा त्याच बेटावर नेलं. आता तिथं नारंगी जॅकेट घालून पाण्यात उतरवतात, मुखवटे भाड्यानं मिळतात, नातवाच्या हातात पाण्याखाली चालणारा कॅमेरा होता. माझी बाभळीच्या फांद्यांसारखी झाडं बरीचशी पांढरी पडून मोडली होती; तरी एका ठिकाणी दहा-बारा निळे मासे दिसले. नातू वर येऊन ओरडत होता आणि मी मुखवट्याच्या आत रडत होतो, ते बरं होतं, कुणाला दिसलं नाही. परतायच्या आधी मी एका होडीवाल्याला विनंती करून फेसाच्या रेघेबाहेर गेलो आणि बाटली भरली.

गावी काकी बापूच्या स्लॅबच्या घरापुढं उन्हात शेंगा फोडत बसली होती. ऐंशी ओलांडलेली, पण हात चालू. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. मासा, खिडकी, नळ. ती शेंगा फोडत राहिली.

"मीठ कुठलं हुतं?"

"मेसचं."

आणखी चारपाच शेंगा झाल्या. मग ती थांबली.

"मंग इतकी वर्सं मी कुनाची इधवा हुते रं, दत्तू?"

मी पिशवीतली बाटली पुढं केली. "काकी, ह्ये खरं हाय. मी सोता बाहेर जाऊन..."

"तवाबी तू असंच म्हनला हुतास."

तिनं बाटलीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी काकीनं बापूच्या नातीकडून कुंकू मागून घेतलं आणि कपाळाला लावलं. रोज लावायला लागली. हातात हिरव्या बांगड्या भरल्या. बापूची बायको मंदा पुसायची, की काकी पुन्हा लावायची. गावात कुजबुज झाली, पोरं हसली. मंदा मला म्हणाली, "भाऊजी, आत्याबाई चळल्या बगा." मी म्हणालो, बापूशी बोलतो. बोललो नाही. त्यांनी तिला पारनेरला डॉक्टरांकडं नेलं तेव्हा गाडीत मीही होतो.

"आजी, मालक काय करतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"बोटीवर हायेत."

"किती वर्षं झाली?"

"ह्याला इचारा," काकीनं माझ्याकडं बोट केलं. "ह्याला समदं म्हाईत हाय."

डॉक्टर, बापू, मंदा, तिघांनी माझ्याकडं पाहिलं. काकीनंही पाहिलं. मी म्हणालो, "वय झालंय."

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी ती दिवसाही झोपायची. दीड वर्ष ती तशी होती. गेली तेव्हा मंदानं दारात येऊन मला विचारलं, "आत्याबाई हिरवं लुगडं नेसवा म्हनत हुत्या, काय करू?" घरात मीच मोठा. मी म्हणालो, लोक काय म्हणतील. तिचं कपाळ पुसलं, पांढरं नेसवलं आणि मी तिरडीला पुढून खांदा दिला.

बापू, माझ्या आठवणींच्या पुस्तकातलं हे प्रकरण छापायच्या आधी तुझ्याकडं येईल. तुझी आई चळली नव्हती. तिनं एक अट घातली होती, ती मी पुरी केली नाही, आणि तिनं तिचा शब्द पाळला, एवढंच झालं. तू म्हणशील की वडील तर गेलेच होते, पाण्यानं काय फरक पडतो? मीही वीस वर्षांचा असताना हेच म्हणालो होतो. ते ठरवायचा हक्क माझा नव्हता, तिचा होता. गेल्या पितरपाटात तू तिचं पान विधवेसारखं ती गेली त्या तिथीला वाढलंस, मी तुझ्याच पंगतीला जेवलो आणि बोललो नाही. सवाष्ण गेलेल्या बायकांचं पान अविधवा नवमीला वाढतात. औंदा तिचं पान त्या दिवशी वाढ, हिरवं लुगडं ठेव, कुंकू ठेव. कुणी विचारलं तर माझं नाव सांग.